वादी कोण? अमेरिकेतील ओपिऑइड खटले आणि उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर परिसरातील नगरसंस्था : एक चिकित्सा

प्रास्ताविक

शासनव्यवस्थेच्या सर्वांत खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या नगरसंस्थेने बलाढ्य औषधकंपनीला न्यायालयात खेचावे आणि आपल्या नागरिकांच्या व्यसनाधीनतेपोटी झालेला खर्च तिच्याकडून वसूल करावा, ही कल्पना भारतीय वाचकाला काहीशी नवलाची वाटते. अमेरिकेत मात्र २०१४ ते २०२५ या काळात हेच घडले. अफूजन्य वेदनाशामक औषधांच्या, म्हणजे ओपिऑइडच्या, अनिर्बंध विक्रीविरुद्ध तेथील काउंट्या, शहरे आणि गावे न्यायालयात गेली. या खटल्यांचे मराठीत झालेले वर्णन बहुधा ‘अमेरिकेतील वेगळी व्यवस्था’ एवढ्यावर थांबते. प्रस्तुत लेखात त्या खटल्यांच्या तर्काची चिकित्सा केली आहे आणि तोच तर्क ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या सलग नगरपट्ट्यावर ताडून पाहिला आहे. या पट्ट्यात रासायनिक व औषधी कारखाने आहेत, दाट वस्ती आहे, दोन नद्या आहेत आणि तीन नगरसंस्था आहेत. न्यायालयीन लढाही येथे झाला आहे. फरक एवढाच की त्या लढ्यात नगरसंस्था उभ्या होत्या त्या प्रतिवादीच्या पिंजऱ्यात.

अमेरिकेतील खटल्यांचा तर्क

पर्ड्यू फार्मा या कंपनीने १९९६ मध्ये ‘ऑक्सिकॉन्टिन’ हे औषध बाजारात आणले. त्याची सवय लागण्याचा धोका कमी आहे, असा प्रचार डॉक्टरांमध्ये करण्यात आला. २००७ मध्ये या प्रचाराबाबत कंपनीने गुन्हा कबूल केला आणि सुमारे साठ कोटी डॉलरचा दंड भरला. विक्री चालूच राहिली. १९९९ ते २०२२ या काळात ओपिऑइडच्या अतिमात्रेने अमेरिकेत सात लाखांहून अधिक माणसे दगावली. आरंभी गोळ्या, नंतर हेरॉइन आणि शेवटी फेंटानिल अशा लाटा आल्या.

२०१४ मध्ये शिकागो शहर आणि कॅलिफोर्नियातील सँटा क्लारा व ऑरेंज या काउंट्यांनी दावे दाखल केले. पुढे दाव्यांची संख्या इतकी वाढली की डिसेंबर २०१७ मध्ये ते ओहायोतील फेडरल न्यायालयात न्यायमूर्ती डॅन पोल्स्टर यांच्यापुढे एकत्र आणण्यात आले. तेथे तीन हजारांहून अधिक दावे जमा झाले. त्यांचा कायदेशीर आधार होता ‘सार्वजनिक उपद्रव’ हा इंग्रजी सामान्य कायद्यातील जुना सिद्धांत. रस्ता अडविणारा, दुर्गंधी पसरविणारा किंवा विहीर नासविणारा मनुष्य समाजाच्या सामाईक हक्कावर आघात करतो, म्हणून उपद्रव दूर करण्याचा खर्च त्याच्यावर टाकावा, हे त्या सिद्धांताचे सार आहे. विहिरीच्या जागी सार्वजनिक आरोग्य आणि दुर्गंधीच्या जागी गोळ्यांचा पूर, अशी कल्पक मांडणी नगरसंस्थांच्या वकिलांनी केली.

ही मांडणी पुराव्यावाचून टिकली नसती. अमेरिकेचे औषध अंमलबजावणी खाते नियंत्रित औषधांच्या प्रत्येक पुरवठ्याची नोंद ठेवते. वृत्तपत्रांनी न्यायालयात झगडून ती नोंद २०१९ मध्ये खुली करवून घेतली, आणि २००६ ते २०१२ या सात वर्षांत ७६०० कोटी वेदनाशामक गोळ्या वितरित झाल्याचे जगाला कळले. कोणत्या काउंटीत, कोणत्या दुकानात, कोणत्या वितरकाकडून किती गोळ्या गेल्या, हे सांगता येऊ लागले. वेस्ट व्हर्जिनियातील हंटिंग्टन शहर व कॅबेल काउंटी यांच्या सुमारे लाखभर लोकवस्तीत काही वर्षांत आठ कोटींहून अधिक गोळ्या आल्या, असा त्यांचा दावा होता. आकडा एकदा हाती आल्यावर उपद्रव ही केवळ उपमा राहत नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

जुलै २०२१ मध्ये तीन मोठे वितरक आणि जॉन्सन अँड जॉन्सन यांनी मिळून २६०० कोटी डॉलरची तडजोड जाहीर केली. यातील सर्वांत मोलाचे कलम रकमेचे नाही. किमान ८५ टक्के निधी व्यसननिवारणावरच खर्च व्हावा, हे बंधन त्या तडजोडीत आहे. १९९८ च्या तंबाखू तडजोडीत राज्यांना मिळालेला पैसा रस्त्यांत आणि अंदाजपत्रकाची तूट भरून काढण्यात गेला होता. त्या चुकीपासून घेतलेला हा धडा होय.

तथापि या खटल्यांना न्यायाचा विजय म्हणणे घाईचे ठरेल. ओक्लाहोमातील न्यायालयाने २०१९ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनवर ५७.२ कोटी डॉलरचा बोजा टाकला. हिशेबातील चूक दुरुस्त होऊन तो ४६.५ कोटींवर आला. आणि २०२१ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो पूर्णतः रद्द केला. औषधाच्या विक्रीपर्यंत उपद्रवाचा सिद्धांत ताणता येणार नाही, असे त्या न्यायालयाचे मत पडले. ओहायोतील लेक व ट्रंबुल काउंट्यांनी औषधदुकानांच्या साखळ्यांविरुद्ध मिळविलेला ६५ कोटी डॉलरचा निवाडाही राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये दिलेल्या मतामुळे उन्मळून पडला. हंटिंग्टनचा दावा २०२२ मध्ये फेटाळला गेला होता. अपील न्यायालयाने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तो पुन्हा जिवंत केला. म्हणजे जेथे तडजोड झाली तेथे पैसा मिळाला, आणि जेथे तत्त्वाचा निर्णय मागितला तेथे वादी बहुधा अडखळले. तडजोडीत दोषाची कबुली नसते. वकिलांचे शुल्क वसुलीतून जाते. वितरकांचा पैसा तर अठरा वर्षांच्या हप्त्यांनी येणार आहे. ज्याचा मुलगा २००९ मध्ये गेला त्याला २०३८ चा हप्ता काय सांगणार?

हे दोष मान्य करूनही एक गोष्ट उरते. काउंटी वादी होऊ शकली, कारण मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी, तुरुंग, रुग्णवाहिका आणि निराधार मुलांची व्यवस्था या सर्वांचा खर्च तिच्याच हिशेबवहीत पडत होता. नुकसान मोजता येत होते आणि ते तिचे स्वतःचे होते. उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूरकडे वळताना हाच निकष हाती धरावा लागेल.

उल्हास आणि वालधुनी : प्रतिवादी नगरसंस्था

उल्हासनगरच्या मालावर ‘मेड इन यूएसए’ असे छापलेले असते आणि त्या यूएसएचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा आहे, हा विनोद मुंबई परिसरात जुना आहे. विनोद बाजूस ठेवला तरी दोन ‘यूएसए’मधील अंतर कायद्याच्या दृष्टीने उद्बोधक आहे.

दुसऱ्या महायुद्धातील कल्याण येथील लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित वसविले गेले आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. शेजारी अंबरनाथला औद्योगिक वसाहत वाढली, पुढे बदलापूरलाही. अंबरनाथच्या अकराव्या शतकातील शिवमंदिराला लागून वाहणारी वालधुनी कारखान्यांचे पाणी घेत उल्हासनगरमध्ये शिरते आणि तेथे शहराचे मैलापाणी व एकेकाळी जीन्स धुलाईच्या कारखान्यांचा निळा रंग तिच्यात मिसळत असे. २०१४ च्या नोव्हेंबरअखेरीस टँकरमधून सोडलेल्या रासायनिक द्रवामुळे वालधुनीकाठी विषारी वायू पसरला आणि शेकडो रहिवाशांना रुग्णालयात जावे लागले. अमेरिकन वकिलाच्या हाती असे प्रकरण पडले असते तर त्याला सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या ताणावीही लागली नसती. ती येथे शब्दशः लागू होती.

या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठापुढे गेली ती ‘वनशक्ती’ ही स्वयंसेवी संस्था. २०१३ च्या त्या अर्जावर जुलै २०१५ मध्ये न्यायाधिकरणाने निर्णय दिला आणि सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे व स्थानिक संस्था यांच्यावर एकूण सुमारे ९५ कोटी रुपयांची भरपाई बसविली. हे प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. पैसे किती भरले गेले हा प्रश्न येथे गौण आहे. पक्षकारांची मांडणी पाहावी. नागरिकांच्या बाजूने संस्था. विरुद्ध बाजूस कारखान्यांची प्रक्रिया केंद्रे, औद्योगिक विकास महामंडळ, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि त्यांच्याच रांगेत नगरसंस्था. ज्या नगरसंस्थेच्या हद्दीतील माणसे नदीकाठी गुदमरली ती नगरसंस्था स्वतः मैलापाणी प्रक्रियेविना सोडत होती. त्यामुळे कारखान्यांकडे बोट दाखविण्याचा नैतिक अधिकार तिने गमावला होता. हात स्वच्छ असलेल्यानेच न्यायालयात यावे, हे न्यायतत्त्व जुने आहे.

भारतीय न्यायशास्त्रातील या विषयावरील सर्वांत गाजलेला निर्णयही याच दिशेचा आहे. रतलाम नगरपरिषद विरुद्ध वर्धीचंद (१९८०) या प्रकरणात न्या. कृष्ण अय्यर यांनी उघडी गटारे आणि मद्यार्काच्या कारखान्याचे सांडपाणी यांबद्दल नगरपरिषदेलाच धारेवर धरले आणि निधी नाही ही सबब अमान्य केली. तो निर्णय नागरिकांच्या दृष्टीने उपकारक होता यात शंका नाही. परंतु त्यानंतरच्या चार दशकांत नगरसंस्थेची न्यायालयीन प्रतिमा कर्तव्यच्युत प्रतिवादी हीच होऊन बसली. ती पीडित पक्षही असू शकते, ही शक्यता जवळजवळ विस्मरणात गेली. येथे दोष केवळ न्यायालयांचा नाही, हे अर्थातच मान्य करावे लागेल.

खोकल्याचे औषध आणि उलट्या दिशेचे खटले

ओपिऑइडचा प्रश्न भारतात मुख्यतः कोडीनयुक्त खोकल्याचे औषध, ट्रॅमाडॉल आणि टॅपेंटाडॉल यांच्या रूपाने दिसतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे २.०६ टक्के लोक ओपिऑइडचे सेवन करीत होते. त्यांत औषधी ओपिऑइडचे प्रमाण ०.९६ टक्के होते, म्हणजे अफूच्या ०.५२ टक्क्यांपेक्षा जास्त. मध्य उपनगरीय रेल्वेच्या पट्ट्यात, भिवंडीपासून उल्हासनगरपर्यंत, कोडीनच्या बाटल्यांचे साठे पकडल्याच्या बातम्या ठाणे जिल्ह्याच्या वाचकाला नव्या नाहीत.

केंद्र शासनाने १० मार्च २०१६ रोजी ३४४ संयुक्त औषधांवर बंदी घातली. बेळगावच्या केएलई विद्यापीठातील प्रा. चंद्रकांत कोकाटे यांच्या समितीच्या अहवालाचा तिला आधार होता आणि क्लोरफेनिरामाइन–कोडीन हे मिश्रण त्या यादीत होते. कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि डिसेंबर २०१६ मध्ये ती बंदी रद्द झाली. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विषय तांत्रिक सल्लागार मंडळाकडे पाठविला. १९८८ पूर्वी परवाने मिळालेल्या काही मिश्रणांचा वाद त्यानंतरही रेंगाळला. क्लोरफेनिरामाइन–कोडीनच्या मिश्रणावर नव्याने बंदी आली ती २ जून २०२३ रोजी. मधल्या सात वर्षांत भारतात औषधकंपन्यांचे खटले झाले नाहीत असे नाही. ते झाले, पण वादी होत्या कंपन्या आणि प्रतिवादी होते सरकार. ज्या शहरांच्या गल्लीबोळांत त्या बाटल्या रिकाम्या होत होत्या त्यांचे म्हणणे त्या दालनांत मांडले जाण्याची सोयच नव्हती.

खालच्या न्यायालयांत दुसरेच चित्र होते. अमली पदार्थविरोधी कायदा, १९८५ अन्वये बाटल्यांसह सापडलेला तरुण किंवा किरकोळ विक्रेता आरोपी होतो, आणि मग बाटलीतील कोडीन मोजावे की संपूर्ण द्रव मोजावा, अशा मुद्द्यांवर युक्तिवाद रंगतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात तटस्थ द्रव्यासह संपूर्ण वजन धरावे असे ठरविले. बाटली वाहून नेणाऱ्याच्या शिक्षेची मोजणी इतकी काटेकोर झाली. बाटली कारखान्यातून त्या गल्लीत कशी आली याची मोजणी मात्र कोणी केली नाही. शिवाय या साखळीच्या मुळाशी शासन स्वतः आहे, कारण कोडीनचा कच्चा माल दीर्घकाळ गाझीपूर व नीमच येथील सरकारी कारखान्यांशी आणि केंद्राच्या कोटापद्धतीशी निगडित राहिला आहे. म्हणजे नोंदी असल्याच पाहिजेत. अमेरिकेतील नोंदींप्रमाणे त्या जिल्हानिहाय खुल्या झाल्या तर ठाणे जिल्ह्याचा वाटा किती, हे एका दुपारी समजेल.

याच ठिकाणी एक सावधगिरी नोंदविणे आवश्यक आहे. भारतात वेदनाशामक अफूजन्य औषधांचा अतिरेक जितका खरा तितकाच त्यांचा दुष्काळही खरा आहे. कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रुग्णाला मॉर्फीन मिळणे १९८५ च्या कायद्यामुळे अवघड झाले होते आणि ती अडचण दूर करण्यासाठी २०१४ मध्ये दुरुस्ती करावी लागली. अमेरिकन भीती जशीच्या तशी आयात केल्यास परळला उपचारासाठी जाणारा बदलापूरचा रुग्ण पुन्हा वेदनेत तळमळेल. खटला औषधाविरुद्ध नसून विक्रीच्या पद्धतीविरुद्ध असावा लागतो. हा भेद अमेरिकेतील उत्तम दाव्यांत होता, सर्व दाव्यांत नव्हता.

हिशेबवही कोणाची?

उल्हासनगर महानगरपालिका दावा दाखल करू शकते काय? ती निगम निकाय आहे. स्वतःच्या नावाने दावा करण्याचा अधिकार तिला कायद्याने आहे आणि नगरपरिषदांनाही आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ९१ सार्वजनिक उपद्रवाविरुद्ध दाव्याचा अधिकार महाधिवक्त्याला किंवा न्यायालयाच्या परवानगीने दोन वा अधिक व्यक्तींना देते. नगरसंस्थेचा तेथे उल्लेख नाही, पण बंदीही नाही. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत ‘सार्वजनिक आरोग्य’ हा विषय १९९२ पासून नगरसंस्थांच्या वाट्यास आला आहे. कागदावर वाट मोकळी आहे.

अडचण हिशेबवहीत आहे. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय राज्य शासनाचे. अंबरनाथचे छाया रुग्णालय पूर्वी नगरपालिकेचे होते, तेही राज्याकडे गेले. पोलीस राज्याचे, तुरुंग राज्याचे, अन्न व औषध प्रशासन राज्याचे. औद्योगिक क्षेत्राचे नियोजन औद्योगिक विकास महामंडळाकडे. उल्हासनगरला पाणी महामंडळ देते, अंबरनाथ–बदलापूरला जीवन प्राधिकरण. व्यसनमुक्ती केंद्राचे शुल्क भरते ते कुटुंब. बहुधा आईच्या दागिन्यांतून. ज्या नगरसंस्थेचा खर्चच झाला नाही तिचे नुकसान कोणते, असा प्रश्न प्रतिपक्षाचा वकील पहिल्याच तारखेला विचारील आणि त्याचे उत्तर देणे कठीण जाईल. विकेंद्रीकरणाच्या अपुरेपणावर मराठीत विपुल लेखन झाले आहे. परंतु अधिकार नसलेल्या संस्थेला इजाही होऊ शकत नाही, तिला जखम दाखविण्याइतके अंगच नसते, ही बाजू त्यात क्वचितच आली आहे.

त्यात आणखी एक भर. अमेरिकेत दावा करण्याचा ठराव निवडून आलेल्या मंडळाने केला. अंबरनाथ व कुळगाव–बदलापूर नगरपरिषदांची मुदत २०२० मध्ये संपली आणि निवडणुका झाल्या त्या डिसेंबर २०२५ मध्ये. उल्हासनगर महानगरपालिकेत २०२२ पासून जानेवारी २०२६ पर्यंत प्रशासक होता. राज्य शासनाने नेमलेला अधिकारी राज्य शासनाच्याच परवान्याने चालणाऱ्या उद्योगाविरुद्ध ठराव मांडील, ही अपेक्षा भाबडी होय.

वादीपद केंद्राकडे खेचून घेण्याचा इतिहासही भारतात आहे. भोपाळ दुर्घटनेनंतर १९८५ च्या खास कायद्याने केंद्र शासन सर्व पीडितांच्या वतीने एकमेव वादी झाले आणि अमेरिकेतील न्यायालयात गेले. तेथून प्रकरण १९८६ मध्ये भारताकडे परत पाठविण्यात आले आणि १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर मिटले. ती रक्कम अपुरी असल्याची तक्रार २०२३ पर्यंत सर्वोच्च न्यायालयात चालली आणि त्या वर्षी ती फेटाळली गेली. एकच वादी असला की एकदाच तडजोड होते आणि चुकली तर कायमची चुकते. ओहायोतील तीन हजार वाद्यांचा गोंधळ या पार्श्वभूमीवर तितकासा वाईट वाटत नाही.

पालघर, तमाले आणि मृत्यूची नोंद

फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीच्या शोधपत्रकारितेतून असे उघड झाले की मुंबईस्थित एव्हिओ फार्मास्युटिकल्स ही कंपनी टॅपेंटाडॉल व कॅरिसोप्रोडॉल यांचे मिश्रण असलेल्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेत पाठवीत होती. घाना, नायजेरिया व आयव्हरी कोस्टच्या रस्त्यांवर त्या विकल्या जात होत्या. त्यानंतर पालघर येथील कारखान्यावर छापा पडला, उत्पादन थांबविण्याचा आदेश निघाला आणि या मिश्रणाच्या निर्मिती–निर्यातीच्या परवानग्या केंद्राने मागे घेतल्या. घानातील तमाले शहरात सुमारे शंभर नागरिकांनी स्वयंसेवी पथक उभारून त्या गोळ्या जप्त करण्यास सुरुवात केली होती. तमालेच्या नगरसंस्थेने पालघरच्या न्यायालयात दावा लावावा, अशी कल्पनाही कोणी मांडली नाही.

दुसरीकडे, जुलै २०२५ मध्ये आठ औषधउत्पादकांनी अमेरिकेतील राज्ये व स्थानिक संस्थांशी एकूण ७२ कोटी डॉलरची तडजोड केली. त्यांत मुंबईत मुख्यालय असलेली सन फार्मा होती. तिचा वाटा तीन कोटी डॉलरच्या आसपास. अहमदाबादची झायडसही होती. म्हणजे भारतीय कंपनी ओपिऑइडबद्दल स्थानिक संस्थांना पैसे देते. मात्र ती स्थानिक संस्था ओहायोतील असावी लागते. कायद्याच्या दृष्टीने यात विसंगती नाही, कारण जेथे वादी उभा राहतो तेथेच दायित्व जन्मास येते.

मग या तीन नगरसंस्थांच्या हाती काहीच नाही काय? एक कागद आहे. जन्म–मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये शहरातील प्रत्येक मृत्यूची नोंद नगरसंस्थेकडेच होते आणि वैद्यकीय कारणाच्या प्रमाणपत्राचा नमुनाही तिच्याकडेच येतो. अमेरिकेतील काउंट्यांचे दावे ज्या पायावर उभे राहिले त्यातील एक दगड म्हणजे मृत्यूच्या कारणाची नोंद होय, आणि तो राज्य शासनाने काढून घेतलेला नाही. त्या नमुन्यात मृत्यूचे तात्कालिक कारण आणि त्यामागील मूळ कारण यांच्यासाठी वेगवेगळ्या ओळी असतात. पंचविशीतल्या तरुणाच्या बाबतीत पहिल्या ओळीत ‘हृदय व श्वसनक्रिया बंद’ एवढेच लिहिले जाऊन खालच्या ओळी कोऱ्या राहिल्या, तर तो नमुना परत पाठविण्याचे काम नगरसंस्थेच्या आरोग्य विभागातील उपनिबंधकाचे आहे. त्यासाठी कोणत्याही न्यायालयाची परवानगी लागत नाही.